जिन्याला विचारून

२ फेब्रुवारी, रविवार

आलो एकदाचा! एक गादी, दोन पिशव्या, टेबलफॅन आणि मी. टेम्पोवाल्याने सामान फाटकाशीच टाकलं आणि वर हात हलवून गेला. एरवी मी त्याची गचांडी धरली असती, पण आज कोणावर भडकायचं नाही असं तिला कबूल केलंय. ती मला भडकू म्हणते. म्हणू दे. तिच्या तोंडून शिवीसुद्धा मला शाबासकीसारखी लागते, त्याला मी काय करणार?

तिच्या घरावरची ही खोली माझी आहे. भाड्याची नव्हे, माझी. विटांपासून खिडकीच्या गजांपर्यंत माझ्या पैशाची. आत्याने माझ्या कॉलेजसाठी बाजूला ठेवलेलं होतं नव्हतं ते सगळं हिच्यात गेलं. आत्याने मला लहानाचं मोठं केलं, मला नाही म्हणणं तिला जमलं नाही. एवढंच म्हणाली, की पदवी घेतली असतीस तर ती तुझ्याकडून कोणी काढून तरी घेतली नसती. मी म्हटलं, खोली कोण काढून घेणार आहे, डोक्यावर उचलून नेणार का? ती हसली नाही.

कॉलेज सोडल्याचं मला काडीचं दुःख नाही. तिच्या दादाने तिला दुसऱ्या वर्षानंतर घरी बसवलं, मग मी तरी तिथे कोणाचं तोंड बघायला जायचं? त्यापेक्षा फरशीचं दुकान बरं. तिथे चार महिन्यांत जे शिकलो त्यावर ही जमीन मी स्वतः बसवली. विटकरी रंगाची, किंचित खरखरीत. डोळे बांधून अनवाणी उभं केलं तरी सांगेन की ही माझी फरशी. गजसुद्धा मीच निवडले, अंगठ्याएवढे जाड. चोर सोडा, मांजर शिरणार नाही.

ठरलंय ते असं. वर्षभरात लग्न, तोवर मी वर, ती खाली. दुकानातली पोरं लग्नाआधीच घरजावई म्हणून चिडवतात. जळतात साले.

३ फेब्रुवारी, सोमवार

ह्या घराची एक गंमत लिहायची राहिली. इथे ज्याने ज्या भागाला पैसे घातले तो भाग त्याचा, आणि त्यात पाऊल ठेवण्याआधी त्याला विचारायचं. येऊ का? तो म्हणणार, ये. मगच आत. पुढची खोली दादाची, त्याने पहिल्या नोकरीच्या पैशातून बांधली. स्वयंपाकघर मावशीचं, म्हणजे तिच्या आईचं, ते दागिने मोडून झालं. दादा स्वतःच्या आईलासुद्धा विचारल्याशिवाय पाण्याचा पेला घेत नाही. मला आधी वाटलं माझी फिरकी घेतायत. मग मीही सुरू केलं. मजा येते! दिवसभर घरात येऊ का, ये, येऊ का, ये, असा नुसता किलबिलाट चालू असतो.

तिने कशातच पैसे घातलेले नाहीत, तिच्याकडे कुठले असणार. तिचा भाग नाही, म्हणून तिला सगळ्यांना विचारावं लागतं. पण ती विचारते ती तऱ्हाच वेगळी. एक पाऊल आधीच आत टाकते आणि मग मान वाकडी करून म्हणते, येऊ का? आज संध्याकाळी चहा घेऊन वर आली तेव्हा मी मुद्दाम ये म्हटलंच नाही. चहा गार झाला, मग ती भडकली. भडकू मी एकटाच नाही.

जिन्यालाही विचारायचं असतं. खालून आवाज दिला की कोणीतरी ये म्हणतं, आणि मी तीन-तीन पायऱ्या गाळत वर.

९ फेब्रुवारी, रविवार

आज सगळे एका साखरपुड्याला गेले होते. मला दुकानात नमुन्यांची पेटी हवी होती म्हणून दुपारी घरी आलो. कुलूप काढलं. रिकाम्या घरातून जाताना कोणाला विचारायचं, म्हणून तसाच पुढच्या खोलीतून आलो. दादा निघताना म्हणाला होताच, की मागे ये-जा कर, माझी हरकत नाही. जिन्याशी मात्र सवयीने तोंडातून गेलं, येऊ का?

ये, असं उत्तर आलं.

म्हाताऱ्या माणसाचा आवाज. जरासा खोकून, घसा साफ करून. मी घरभर फिरलो, पलंगाखाली वाकून पाहिलं. कोणी नाही. पेटी न घेताच दुकानात गेलो, शेठच्या शिव्या खाल्ल्या.

संध्याकाळी मावशींना विचारलं. भाजी निवडता निवडता त्यांनी इतकं सहज सांगितलं, जसं काही पाण्याची वेळ सांगतायत. त्यांचे थोरले दीर. जिन्याचे पैसे त्यांनी घातले होते, पुढे वर खोली होईल आणि ती त्यांना मिळेल ह्या आशेने. खोली काही झाली नाही. भांडणं झाली. शेवटी त्यांनी वाटणी मागितली. मग त्यांच्या पैशाचं जे होतं ते त्यांना मिळालं. जिना. ते जिन्यावरच राहिले आणि जिन्यावरच गेले. पण विचारलं की अजून ओ देतात. वाईट नाहीत हो, असं मावशी म्हणाल्या. फक्त विचारायचं, विसरायचं नाही.

मी म्हटलं, हे मला पैसे घेण्याआधी नाही का सांगायचं? त्यावर त्या म्हणाल्या, तू विचारलं नाहीस.

तिला विचारलं तर ती हसायला लागली. म्हणे, भिंतीचा घुमारा आहे, आई लहानपणापासून तेच सांगून आम्हाला घाबरवते. मी कधी काही ऐकलं नाही. मी आपली मोठ्या माणसांचा मान म्हणून विचारते आणि चढते. असं म्हणून माझ्या कपाळावर टिचकी मारली. तिला हसताना पाहिलं की मला कशाचीच भीती वाटत नाही. आज मात्र थोडी वाटली.

१६ फेब्रुवारी, रविवार

डोकं फिरलंय.

दादा आज कोणालातरी घेऊन वर आला. विचारलं बरोबर, येऊ का, मी बरोबर ये म्हटलं. मला वाटलं मित्र असेल. तो माणूस खिडकी उघडून बघतो, मोरीचा नळ सोडून बघतो, आणि विचारतो, पंखा आमचाच लावायचा ना? भाडेकरू! माझ्या खोलीला! मी अजून तिच्यात झोपतोय!

तो गेल्यावर मी खाली जाऊन सरळ बोललो. माझं नाव कागदावर घाला. मावशी म्हणाल्या, घरच्यांत कागद कसला रे, तू काय परका आहेस? मी म्हटलं, घरचा आहे तर लग्नाची तारीख सांगा. तेव्हा त्या एकदम तांदूळ निवडायला लागल्या. दादाच बोलला. म्हणे, लग्नाचं बघू, आधी दुकानात फरश्या उचलणं सोडून काहीतरी धड कर. आणि खोलीचं म्हणशील तर खालची जमीन आमची, ज्या भिंतींवर ती उभी आहे त्या आमच्या. तू फार तर मधली हवा विकत घेतलीस.

मधली हवा!

ती मधे पडली नसती तर मी त्याला त्याच्याच खोलीत आडवा केला असता. वर जाताना जिन्याला विचारलं तेव्हा ये यायला वेळ लागला. आणि आलं ते अगदी कानाजवळून. त्या ये-मध्ये कीव होती. शपथेवर सांगतो, कीव होती.

१९ फेब्रुवारी, बुधवार

दुकानाच्या मागे, फुटक्या फरश्यांच्या ढिगाजवळ ती मला भेटायला आली. म्हणाली, सोडून दे. पैसे गेले ते गेले. तुझे हात चांगले आहेत, मी शिवणकाम करीन, कुठेतरी भाड्याची खोली घेऊ, आपण दोघं जाऊ. मला ह्या घरातलं काही नको. एकमेकांना विचारून पाणी पिणारी माणसं नकोत.

दुसरा कोणी असता तर तिथेच तिचा हात धरून चालू लागला असता. आणि मी? मी म्हटलं, माझं आहे ते सोडून मी जाणार नाही. त्यांच्या घशातून काढून घेईन आणि मगच जाईन. आत्याला काय तोंड दाखवू?

ती म्हणाली, मग तू आणि आमचा दादा ह्यांत फरक काय रे?

मी ओरडलो. ती गेली. ओढणीला चुन्याची भुकटी लागली होती, ती झटकायची राहिली.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

आज मी ते बोलून गेलो.

दुकानातून आलो तर माझी गादी गुंडाळून दाराबाहेर, जिन्याच्या वरच्या पायरीवर. भाडेकरू उद्या येणार म्हणून दादाने काढून ठेवली. मला न विचारता आत गेला होता, स्वतःच्या घरचा नियम मोडून. मी जिन्यात उभा राहून अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा ओरडलो. वाटणी करा! माझं मला वेगळं द्या! माझ्या खोलीत माझ्या हुकुमाशिवाय कोणी पाऊल ठेवायचं नाही. आणि यापुढे मीही कोणाला विचारणार नाही, ह्या जिन्याला तर नाहीच नाही. हा म्हातारा कोण लागून गेला?

मावशी धावत स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत आल्या. माझं तोंड दाबायला हात पुढे केलेला, पण मधे दादाची खोली, विचारल्याशिवाय पुढे येता येईना. तिथूनच म्हणाल्या, तो वाटणीचा शब्द मागे घे पोरा, घे मागे. दादासुद्धा पांढरा पडला. मी म्हटलं, नाही घेत.

तेव्हा जिन्यातून उत्तर आलं. न विचारता. पहिल्यांदाच.

बरं.

२२ फेब्रुवारी, शनिवार

गादी परत आत ओढून रात्र काढली. सकाळी दुकानाला निघालो. जिन्याशी काही बोललो नाही, ठरवलंच होतं. पहिली पायरी, दुसरी, मधलं वळण. वळणापुढे पाऊल टाकलं ते खरखरीत जमिनीवर पडलं.

माझी फरशी. मी माझ्या खोलीत उभा होतो, दाराकडे पाठ करून.

पुन्हा उतरलो. धावत उतरलो. कठड्याला धरून, मागे तोंड करून, बसून एकेक पायरी सरकत. डोळ्यांना खालची पुढची खोली दिसते, दादाच्या चपला दिसतात, आणि पाय टेकतो तो माझ्या फरशीवर. डोळे बांधून सांगेन म्हणालो होतो ना.

मग विचारलं. नाक मुठीत धरून विचारलं. येऊ का? काका, येऊ का?

काही नाही. नुसता खोकला.

दुपारी पंखा बंद पडला. दादा खालून ओरडून म्हणाला, वेगळं हवं होतं ना, मग मीटर पण वेगळा घे. फोन रात्रीच संपलेला, सकाळच्या गडबडीत चार्ज केला नाही, आता करणार कुठे. नळाला अजून पाणी आहे. मी ओरडून सांगितलं, मला खाली येता येत नाही. तो म्हणाला, जिना मोकळा आहे, कोणी धरलंय तुला?

भाडेकरू सामान घेऊन आला. दाराशी येऊन थांबला. मी ये म्हटलं नाही. बराच वेळ उंबऱ्यावर पाय उचलून उभा होता, मग गोंधळून गेला. माझी खोली खरंच माझी झालीय. हसू आलं. बराच वेळ आलं. थांबवता येईना.

२३ फेब्रुवारी, रविवार

ती आली होती. खांद्याला पिशवी. घर सोडून निघालीय, मैत्रिणीकडे राहणार. जिना तिला अडवत नाही, कधीच अडवलं नाही.

उंबऱ्याबाहेर उभी राहिली, दोन्ही पाय बाहेर, आणि परक्या माणसासारखं विचारलं, येऊ का? मी ये म्हटलं, पण ती आली नाही. तिथूनच म्हणाली, चल, आत्ताच्या आत्ता चल.

मी सगळं सांगितलं. तिचा हात धरून उतरून दाखवतो म्हणालो. उतरलो. वळणावर तिचा हात माझ्या हातात होता, तिची बोटं गार होती, मग बोटं नव्हती. मी खोलीत होतो. ती खालून विचारत होती, मागे का फिरलास?

तिला ते तसंच दिसलं. मी वळणावरून हात सोडवून घेतला आणि परत वर पळालो, असं.

रडली नाही. म्हणाली, उद्या संध्याकाळी समोरच्या थांब्यावर उभी राहीन. शेवटची बस जाईपर्यंत. आलास तर माझा, नाही आलास तर तुझी खोली तुला लखलाभ.

मी गजांतून हाका मारत राहिलो. वर बघितलं नाही तिने.

२४ फेब्रुवारी, सोमवार. सकाळ

गज हलत नाहीत. मीच निवडले. टेबलफॅनचा दांडा मोडला त्यांच्यावर. शेजारचा दाढीवाला गॅलरीत आला, त्याला ओरडून सांगितलं, जिना मला सोडत नाही. तो आत गेला आणि दार लावून घेतलं. मीसुद्धा लावलं असतं.

मावशींनी वळणापलीकडे ताट ठेवलंय. दिसतं. वास येतो. पोचता येत नाही —

२४, दुपार

जिन्यातला म्हातारा बोलतो. आता गप्प बसतच नाही. वळणावरून एकेक पायरी वर येतो, शेवटच्या पायरीवर थांबतो. येऊ का, म्हणतो. कधी दादाच्या आवाजात. कधी मावशींच्या. एकदा आत्याच्या. आत्याच्या आवाजात मी जवळजवळ —

नाही म्हटलं.

तेव्हा स्वतःच्या आवाजात बोलला. थकलेला आवाज. म्हणे, मी खोलीसाठी पैसे घातले आणि मला पायऱ्या मिळाल्या. किती वर्षं ताठ बसलोय. एकदा पाठ टेकू दे. तू मला ये म्हण, मी तुला ये म्हणतो. तू खाली, मी वर. सरळ हिशेब.

२४, संध्याकाळ

ती थांब्यावर आहे. पिवळी ओढणी. अजून वर बघत नाही. एक बस गेली, ती चढली नाही. माझ्यासाठी चढली नाही!

त्याला म्हटलं, आधी तू मला ये म्हण. तो म्हणतो, आधी तू. म्हटलं, फसवशील. तो म्हणतो, फसवणारे खाली राहतात, मी तुझ्यासारखाच.

दिवे लागले. आता एकच बस राहिली असेल —

काय करायचीय खोली? घेऊन टाक. भिंती घे, फरशी घे, मधली हवा घे. मला ती हवी. हे बुधवारी ढिगाजवळ म्हणायला हवं होतं —

या, म्हणालो. काका, या.

२४, लगेच

आला. दिसत नाही काही. फक्त गादीचा अर्धा भाग दबला आणि कोणीतरी खूप लांब श्वास सोडला.

मी जिन्याशी गेलो. येऊ का? म्हटलं, काका, आता तुम्ही म्हणा, ये म्हणा.

म्हणाला. गादीवरून म्हणाला, ये. मी उतरलो. वळण. माझी फरशी.

पुन्हा म्हणाला, ये. पुन्हा फरशी.

मग म्हणाला, अरेरे. खरंच वाईट वाटल्यासारखा. म्हणाला, मी तर आता जिन्यावर नाही, माझ्या ये-ला कोण विचारतो. जिन्याचं कोणी उरलंच नाही रे —

बस आली. ती चढताना थांबली. वर बघितलं! मी गजांतून हात काढला, हलवला. ती बघतच राहिली. माझ्याकडे नाही. माझ्या शेजारी. खिडकीत माझ्या शेजारी. तोंडावर हात ठेवला तिने, आणि ड्रायव्हरला काहीतरी ओरडली, आणि —

गेली. बस गेली.

तारीख नाही

नळ खोकतो. पाणी नाही.

वळणावरून खाली बघतो. दादा जिन्याशी उभा. येऊ का, येऊ का. उत्तर नाही. पाय उचलतो, ठेवता येत नाही. आता कोणीच वर येऊ शकत नाही. तीसुद्धा आली तर —

म्हातारा वाईट नाही. विचारतो प्रत्येक गोष्ट. अर्धी गादी घेऊ का. खिडकीपाशी बसू का. मी नाही म्हणतो, तो बरं म्हणतो, थोड्या वेळाने पुन्हा विचारतो. किती वेळा नाही म्हणणार —

गादी दिली. खिडकी दिली. फरशीवर झोपतो. खरखरीत. आता तीसुद्धा अर्धी.

आज विचारत होता, ही वही कोणाची. म्हटलं, माझी. माझ्या पगारातून घेतली. हिला हात लावायचा नाही. हिच्यात ती आहे.

बरं म्हणाला.

आत्ता मागे येऊन बसलाय. मानेवर श्वास. गार नाही. उबदार आहे. माणसाचा असतो तसा. वाचतोय. तिचं नाव कुठे लिहिलं नाहीस, म्हणतो. बरं झालं नाही लिहिलं. नाहीतर तिच्या दाराशी जाऊन —

हात दुखतो. लिहायचं थांबलो की त्याचं बोट पेनाशी येतं. अलगद. विचारतो. नाही म्हणायचंय, तोंड कोरडं पडलंय, आवाज फुटत नाही, मान नुसती हलते आणि कुठल्या बाजूला हलते ते मला कळत नाही आणि तो म्हणतो, हो म्हणालास ना, मग सरक जरा, मीही लिहितो, येऊ